लाईट आली की काट्याचं कॉम्प्युटर भलत्याच नेटवर्कात जाऊन बसते

मागच्या सीझनमधे हिंगणघाटच्या पुढे वडनेरच्या अंगाला एका जिनिंगमधे मी एकाच तक्रारीसाठी चार चकरा मारल्या, अन् कारणं तीन वेगवेगळी निघाली, फोन मात्र दरवेळी शब्दाला शब्द तोच. "भाऊ, लाईट गेली होती, आता आली, पण काट्याचं कॉम्प्युटर ऑफिसले लागून नाही राहिलं. गाड्या रोडपर्यंत उभ्या हायेत." दिवाळीनंतर जिनिंगच्या गेटवर गाड्या अडणं म्हणजे काय हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको, माणूस पहाटे कापूस भरून निघालेला असते, काटा म्हणजे गाडीचं वजन झालं की हिशोबाची पट्टी, पट्टी झाली की पैसे, अन् इथं काट्यावरच सगळं थांबलेलं.

ज्यांच्याकडे मॅनेज्ड स्विचवर, म्हणजे नेटवर्कच्या वायरी जोडायच्या सेटिंगवाल्या डब्यावर, व्हीलॅन (एकाच वायरीवर वेगवेगळी नेटवर्कं) टाकलेले आहेत अन् लाईट गेली-आली की काहीतरी बंद पडते त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो. आधीच सांगतो, आल्या आल्या सेटिंग पुसून नव्यानं टाकत बसू नका. मी पहिल्या वेळी तेच केलं, चालू झालं, घरी आलो, आठ दिवसांनी परत फोन. नव्यानं टाकल्यावर चालते खरं, पण काहून बिघडलं होतं ते कळायचा पुरावाच आपण आपल्या हातानं पुसून टाकतो.

मांडणी अशी होती. ऑफिसात २४ पोर्टचा मोठा स्विच, कमांड टाकून चालवायचा, त्यालाच राऊटर लागलेला. गेटवर धरमकाट्याच्या केबिनमधे ८ पोर्टचा छोटा स्मार्ट स्विच, तो ब्राउझरमधून चालतो. दोघांच्या मधे अडीचशे मीटरच्या आसपास अंतर, तांब्याची केबल १०० मीटरच्या पुढे चालत नाही म्हणून फायबर अन् दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर अन् तांब्याची केबल जोडणारा डबा. व्हीलॅन १० मधे ऑफिसचं बिलिंग अन् काटा, २० मधे कॅमेरे अन् त्यांचा रेकॉर्डर, ३० मधे व्यापारी अन् ड्रायव्हर लोकांसाठी वायफाय. राऊटर तिघांनाही वेगवेगळे आयपी, म्हणजे नेटवर्कातले पत्ते, देते, १९२.१६८.१०, १९२.१६८.२० अन् १९२.१६८.३० वाले, अन् जुना व्हीलॅन १ नुसता स्विच-राऊटर उघडून पाहायला ठेवला, त्याचा १९२.१६८.१. फायबरवरून व्हीलॅन १ विनाटॅग जाते, बाकीचे टॅग, म्हणजे आपल्या व्हीलॅनच्या आकड्याची चिठ्ठी, लावून. व्हीलॅन टाकायचं कारण साधं होतं, वायफायचा पासवर्ड सगळ्या रोडला माहीत झाला होता अन् कोणीही पोरगा मोबाईलवर रेकॉर्डरचं पान उघडून बसायचा. स्पीड वाढावा म्हणून मुनीमजी आग्रह करत होते, त्यांना तेव्हाच सांगितलं की व्हीलॅन टाकल्यानं वायर काही जाड होत नाही, गेटवरचे ६ कॅमेरे प्रत्येकी ४ एमबीपीएस धरले तं २४ एमबीपीएस त्याच फायबरवरून जाणार, व्हीलॅन असो की नसो.

आता निदान. जिथं बंद पडलं त्या कॉम्प्युटरवर काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडायची अन् आयपीकॉन्फिग /ऑल मारायचं. आयपी म्हणजे पंचनामा आहे, तो पोर्ट आत्ता कोणत्या व्हीलॅनमधे बसला आहे ते तोच सांगते. आमच्या मांडणीत काट्यावर १० वाला पाहिजे. १६९.२५४ नं सुरू होणारा दिसला म्हणजे कोणीच आयपी दिला नाही, विंडोजनं आपल्या मनानं घेतला. १९२.१६८.१ वाला दिसला म्हणजे पोर्ट व्हीलॅन १ मधे पडला. २० वाला दिसला म्हणजे वायर कॅमेऱ्याच्या पोर्टात खुपसली. अन् जो आकडा आपण आयुष्यात कुठंच टाकला नाही तो दिसला तं समजायचं की घरात पाहुणा शिरलेला आहे. हा आकडा कागदावर लिहून ठेवल्याशिवाय एकही वायर हलवायची नाही, कारण वायर हलली की आयपी बदलते अन् पंचनामा गेला.

पहिल्या चकरेत काट्यावर १६९.२५४ होता अन् ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरवर १९२.१६८.१ वाले. म्हणजे मोठ्या स्विचवरच काहीतरी, हे कळायला पाहिजे होतं. पण मी शो व्हीलॅन ब्रीफ मारलं तं १०, २०, ३० तिन्ही व्हीलॅन नावासकट तिथं दिसले, बिलिंग, कॅमेरा, वायफाय, म्हणून मी म्हटलं सेटिंग तं आहे बुवा, अन् राऊटरच्या मागं लागलो. दीड तास गेला. त्या यादीत उजव्या बाजूला पोर्टांची नावं असतात तिकडं नजरच गेली नाही, सगळेच्या सगळे पोर्ट व्हीलॅन १ समोर ओळीनं उभे होते.

ही मेख सिस्कोच्या कॅटॅलिस्ट पद्धतीच्या स्विचवर काम करणाऱ्यानं पक्की ध्यानात ठेवायची. व्हीलॅनची यादी साधारणपणे फ्लॅशमधे व्हीलॅन डॉट डॅट नावाच्या वेगळ्या फाईलीत आपोआप जाऊन बसते, पण कोणता पोर्ट कोणत्या व्हीलॅनचा अन् ट्रंक (सगळे व्हीलॅन एकत्र नेणारा पोर्ट) कोणता, हे राहते चालू कॉन्फिगरेशनमधे, अन् ते सेव्ह केल्याशिवाय लाईट गेली की गेलं. म्हणून परत चालू झाल्यावर घरं उभी दिसतात, पण त्यात माणसं नसतात. कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग मी मारलंच नव्हतं. चूक माझी, दुसऱ्या कोणाची नाही. त्या दिवशी गडबडीत मी सगळं नव्यानं टाकलं अन् हो, परत सेव्ह न करताच निघालो, कारण तेव्हा मला कारण कळलंच नव्हतं. आठ दिवसांनी फोन आल्यावर ट्यूब पेटली.

ब्राउझरवाल्या बऱ्याच स्मार्ट स्विचमधेही हेच आहे बरं का, अप्लाय दाबलं की चालू होते पण सेव्ह कॉन्फिग नावाचं वेगळं पान असते, ते दाबल्याशिवाय पक्कं होत नाही. मायक्रोटिक कंपनीच्या डब्यात उलट, टाकलं की तिथल्या तिथं पक्कं, तिथं चूक केली तं तीही पक्की.

दुसरी चकर ही त्या आठ दिवसांनंतरच्याच फोनवरची, मोठा स्विच सेव्ह केला, तीन वेळा बंद-चालू करून पाहिला, सगळं जाग्यावर. महिनाभर शांत. मंग परत लाईट गेली, परत काटा बंद, ही तिसरी चकर. या वेळी ऑफिस ठणठणीत, फक्त काट्यावर १९२.१६८.१ वाला आयपी. म्हणजे गेटवरचा छोटा स्विच. उघडून पाहिलं तं सेटिंग सेव्ह होती, जशीच्या तशी. मी काट्यावरच्या पोराला विचारलं, "बाबू, लाईट आल्यावर तू काय केलं?"

"काई नाई भाऊ, वायरी काढून परत लावल्या. तसं केलं की चालू होते ना."

"कुठल्या कुठं लावल्या?"

"आता ते कोणाले ध्यानात राह्यते."

कॉम्प्युटरची वायर २ नंबरातून निघून ५ नंबरात गेली होती. ५ नंबर मी रिकामा म्हणून ठेवला होता, पण पुढेमागे लागेल म्हणून व्हीलॅन १० मधे अनटॅग्ड टाकून ठेवला होता, अन् त्याचा पीव्हीआयडी बदलायचा राहून गेला. स्मार्ट स्विचमधे सगळ्यात जास्त लोक इथंच पडतात म्हणून जरा सविस्तर सांगतो.

या स्विचमधे दोन पानं वेगळी असतात. एका पानावर पोर्ट कोणत्या व्हीलॅनचा मेंबर आहे, टॅग्ड की अनटॅग्ड, ते टाकायचं. ते ठरवते की स्विचमधून बाहेर काय जाईल अन् कसं जाईल. दुसऱ्या पानावर पीव्हीआयडी, तो ठरवते की कॉम्प्युटरकडून बिनटॅगाचं जे आत येईल ते कोणत्या व्हीलॅनच्या खात्यात जमा होईल. जायचा दरवाजा वेगळा, यायचा वेगळा. मोठ्या स्विचवर स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन १० म्हटलं की दोन्ही दरवाजे एकदम बदलतात, म्हणून तिकडून सवय झालेला माणूस इकडे येऊन अर्धंच काम करते अन् म्हणते झालं.

आता ५ नंबरात काय होत होतं पाहा. कॉम्प्युटरनं ओरडून विचारलं, कोणी आयपी देता का. पीव्हीआयडी १ म्हणून ते ओरडणं व्हीलॅन १ मधे गेलं, फायबरवरून ऑफिसात पोचलं, राऊटरनं १९२.१६८.१ वाला आयपी काढून दिला. तो जबाब परत आला व्हीलॅन १ मधून, अन् ५ नंबर व्हीलॅन १ मधून काढलेला नव्हता म्हणून कॉम्प्युटरपर्यंत आरामात पोचला. कॉम्प्युटर खूश, लाईट हिरवा, इंटरनेटही चालू. फक्त बिलिंगचं कॉम्प्युटर १० मधे आहे, तिकडे जायचा रस्ता नाही. म्हणून तो पोरगा म्हणायचा, "नेट तं चालू हाय भाऊ, यूट्यूब लागून राहिलं, मंग काटा काहून नाही?" पोर्ट व्हीलॅन १ मधून काढला असता तं जबाब परत आलाच नसता अन् १६९.२५४ दिसला असता. तेव्हा एक अनटॅग्ड व्हीलॅन, तोच पीव्हीआयडी, अन् व्हीलॅन १ मधून बाहेर, या तीन गोष्टी एका दमात झाल्या नाहीत तं पोर्ट झाला असं म्हणू नका. रिकामे पोर्ट तं सरळ बंद करून टाका, नाहीतर वापरात नसलेल्या एखाद्या व्हीलॅनमधे, ९९ वगैरे, कोंडून ठेवा. आकडा १ ते ४०९४ मधला कोणताही घ्या, टॅगमधे आकड्याला १२ बिटच जागा आहे अन् त्यातले पहिला अन् शेवटचा राखीव.

मी काय केलं, छोट्या स्विचचे २ ते ५ चारही पोर्ट सारखेच करून टाकले, व्हीलॅन १० अन् पीव्हीआयडी १०, म्हणजे काढ-घाल करणाऱ्यानं कुठंही लावलं तरी तेच. कॅमेऱ्याच्या वायरींना पिवळी टेप अन् त्यांच्या पोर्टांवरही पिवळी टेप. माणसाची सवय बदलण्यापेक्षा पोर्ट बदलणं सोपं पडते, निदान सीझनमधे तरी.

एवढ्यावर भागलं पाहिजे होतं. डिसेंबरात परत. या वेळी काट्यावर आयपी १९२.१६८.०.१०४. शून्य वाला नेटवर्क मी कुठंच टाकला नव्हता. म्हणजे पाहुणा. आयपीकॉन्फिग /ऑल मधे डीएचसीपी सर्व्हर म्हणून एक ओळ असते, ती वाचा, आयपी देणारा कोण ते तिथं लिहिलेलं असते, आमच्याकडे १९२.१६८.०.१ दिसला. ब्राउझरमधे तो आकडा टाकला तं घरगुती वायफाय राऊटरचं लॉगिनचं पान आलं. केबिनभर शोधलं, दिसेना. शेवटी छोट्या स्विचची एक-एक वायर काढत गेलो अन् कॉम्प्युटरवर त्या पत्त्याचा पिंग (समोरचा जबाब देते का पाहायची कमांड) चालू ठेवला, ४ नंबरची काढली तं पिंग थांबला. त्या वायरीच्या मागं मागं गेलो तं ती खिडकीतून बाहेर, पत्र्याच्या शेडमधे, अन् तिथं सरकीच्या पोत्यांमागं एक जुना राऊटर, वरून रुईचा पांढरा थर, दोन अँटेना तेवढ्या वर निघालेल्या, जसं काही उगवून आलं. शेडमधल्या पोरांनी रात्रपाळीला रेंज यावी म्हणून लावला होता, अन् वायर लावली होती लॅनच्या भोकात, बाहेरून नेट घ्यायच्या वॅनच्या नाही, म्हणून तो आमच्याच नेटवर्कात आयपी वाटत बसला. अन् मीच तर सगळे पोर्ट १० चे करून ठेवले होते, त्यामुळे पाहुणा थेट बिलिंगच्या पंगतीत.

मंग तो महिनाभर होता तरी रोज काहून त्रास देत नव्हता? कारण एरवी कॉम्प्युटरनं आपला आयपी आधीच घेतलेला असते, मुदत संपायच्या आत ज्यानं दिला त्याच्याकडूनच वाढवून घेते. लाईट आल्यावर मात्र सगळे एकदम उठतात. छोटा स्विच अन् तो घरगुती राऊटर अर्ध्या-पाऊण मिनिटात तयार, ऑफिसातला मोठा स्विच चांगली दोन-तीन मिनिटं घेते. काट्याचं कॉम्प्युटर ओरडते तेव्हा ऑफिस अजून झोपलेलं, जबाब देणारा एकच, सरकीच्या पोत्यामागचा. लाईट गेल्यावरच होणाऱ्या बिघाडात कोण आधी उठते हे नेहमी पाहत जा.

इलाज तीन केले. राऊटर काढला, शेडसाठी व्हीलॅन ३० चा एक पोर्ट अन् साधा ॲक्सेस पॉइंट (नुसतं वायफाय देणारा, आयपी न वाटणारा) देऊन टाकला, कारण पोरांची गरज खरी होती, नुसता काढला असता तं दुसरा आणून लावला असता. मोठ्या स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू केलं, म्हणजे राऊटरकडच्या पोर्टाशिवाय दुसऱ्या कोणत्याही पोर्टातून आयपी वाटायचा प्रयत्न झाला तं स्विच तो दाबून टाकते, पण ध्यानात घ्या, छोट्या स्विचवर ती सोय नसेल तं त्याच्या आतल्या आतलं भांडण मोठा स्विच थांबवू शकत नाही. तिसरं म्हणजे काट्याच्या कॉम्प्युटरला हातानं पक्का आयपी दिला, राऊटर जे वाटते त्या रेंजच्या बाहेरचा. याबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे आहे. पक्का आयपी दिला की पंचनामा बंद होते, पोर्ट चुकला तरी आकडा तोच दिसणार अन् फक्त पिंग जाणार नाही. काट्यासाठी चालवून घेतलं, बाकी ठिकाणी मी देत नाही.

फायबरवाल्यांसाठी एक वेगळी भानगड. पावसाळ्यात वीज कडकली अन् गेटवरचा मीडिया कन्व्हर्टर गेला, मुनीमजींनी कपाटातून जुना काढून लावला. पिंग जाते, काट्याची एन्ट्री जाते, पण मोठा रिपोर्ट उघडला की लटकते. टॅग लावला की फ्रेम, म्हणजे वायरीवरून जाणारं एक पाकीट, ४ बाइटनं वाढते, १५१८ ची १५२२ होते, अन् काही जुने कन्व्हर्टर १५१८ च्या वरचं गुपचूप टाकून देतात. तपासायला पिंग -एफ -एल १४७२ मारा, जात नसेल अन् १४६८ जात असेल तं नेमका चार बाइटचाच घोळ, कन्व्हर्टर बदला. व्हीलॅनची सेटिंग उगाच चाळू नका.

अन् दुरून, घरी बसून मोठ्या स्विचवर काम करणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळा. ट्रंकवर नवीन व्हीलॅन वाढवताना स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३० असं नुसतं मारलं की जुनी यादी जाऊन एकटा ३० उरते, मधे ॲड शब्द पाहिजेच. मी एकदा ॲड विसरलो अन् स्क्रीन जागीच थिजली, जिनिंग ४० किलोमीटर. आता कोणताही धोक्याचा बदल करायच्या आधी रीलोड इन १० मारून ठेवतो, बाहेर फेकल्या गेलो तं दहा मिनिटांनी स्विच आपोआप जुन्या सेव्ह केलेल्या सेटिंगवर परत येते, सगळं नीट झालं तं रीलोड कॅन्सल, अन् मंग सेव्ह. आधी सेव्ह नाही मारायचं. दुसरं, ट्रंक हा शब्द सगळीकडे एकच नाही, एचपीच्या प्रोकर्व्ह पद्धतीच्या स्विचवर ट्रंक म्हणजे दोन-तीन केबल मिळून एक जाड केबल करणं, तिथं व्हीलॅनसाठी टॅग्डच म्हणायचं.

मॅनेजमेंटसाठी एक पोर्ट, आमच्याकडे २४ नंबर, मी नेहमी व्हीलॅन १ वर तसाच सोडून लाल टेप लावतो. कॅबिनेट महिन्यातून एकदा उघडून ब्लोअर मारायला सांगितलं आहे, मी उघडलं तेव्हा मोठ्या स्विचच्या पंख्यावर रुईची गादी बसली होती, अन् मे महिन्यात आपल्याकडचं ऊन तं माहीतच आहे. गरम होऊन स्विच स्वतःच बंद-चालू झाला तं लाईट न जाताही हीच सगळी नाटकं होतात.

काम झाल्यावर मी आता जिनिंगच्या मेन स्विचपाशी जाऊन मुनीमजींसमोर लाईट पाडतो, तीन वेळा, अन् दरवेळी काट्यावर जाऊन ऑफिसला पिंग जाते का ते पाहतो. एकदा ऑफिस आधी चालू करून, एकदा गेट आधी, एकदा दोन्ही सोबत. गाड्या नसतात तेव्हा, रात्री नवाच्या पुढे.

एवढं करूनही अडलं तं विचारताना नुसतं व्हीलॅन चालत नाही असं नका सांगू. बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा आयपी, डीएचसीपी सर्व्हरची ओळ, वायर कोणत्या नंबरात आहे त्याचा फोटो, अन् त्या पोर्टाचा मेंबरवाला अन् पीव्हीआयडीवाला दोन्ही पानांचा फोटो. अन् लाईट आल्यावर कोणी वायरी काढ-घाल केल्या का ते, खरं खरं.